शमशेरचा पंजा

“आधी मोकळी करून दाव, मग बोल.”

शिराळ्याच्या पेठेतून मोरणा नदीकडं उतरणाऱ्या बोळात रहिमान शिकलगाराचं दुकान होतं, आणि त्या दुकानाच्या पायरीवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पहिल्यांदा हेच पडायचं. राम राम नाही, सलाम नाही, बस म्हणणं नाही. येणारा इनामदार असो, जंगलखात्याचा साहेब असो, नाहीतर घोंगडीत बंदूक गुंडाळून आणणारा डोंगरातला धनगर असो. खांद्यावरचं हत्यार खाली यायचं, खटका उघडायचा, नळीचं रिकामं बूड रहिमानच्या डोळ्यांपुढं धरायचं. ठासणीची बंदूक असली तर गज आत सोडून तो तळाला टेकतो हे दाखवायचं. एवढं झालं की मग रहिमान वर बघायचा. ज्यानं आधी तोंड उघडलं त्याला तो उन्हात उभा करायचा, आणि त्याचं गाऱ्हाणं सगळ्यांत शेवटी ऐकायचा.

माणूस रागीट होता. गंजलेली नळी बघितली की आंघोळ न घातलेल्या लेकराची आई जशी शेजारणीच्या तोंडून बोलणी खाते, तशी बंदुकीच्या मालकाला बोलणी खावी लागत. सुगराबी, त्याची बायको, आतून म्हणायची, “बंदुकीचा चाप तरी वडावा लागतो. आमच्या ह्यांना तेवढंबी लागत न्हाई.” गिऱ्हाइकं हसायची. रहिमान हसायचा नाही. पण कानस हातात घेतली की त्याचं बोलणं थांबे, आणि सगळा राग बोटांत उतरून पोलादावर इतका सारखा फिरे, की बघणाऱ्याला वाटावं, रागाला एवढं चांगलं काम दुसऱ्या कुणी लावलं नसेल.

हे वाक्य मात्र त्याच्या तोंडात जन्मापासून नव्हतं.

त्याला एक धाकटा भाऊ होता, शमशेर. दोघं एकाच ऐरणीवर वाढले. रहिमानकडं भट्टी आणि घण, शमशेरकडं बारीक काम. शमशेर गोड बोलणारा, गिऱ्हाइकाला गूळपाणी देऊन बसवणारा. धामणवाडीच्या दादासो पाटलाकडं एक विलायती एकबारी रायफल होती. चापाच्या मागचा खटका खाली दाबला की नळीच्या बुडाचा ठोकळा खाली पडायचा, खाचेतून एक काडतूस आत सारायचं, खटका वर घ्यायचा. एक बार उडाला की पुन्हा तेच. उडालेल्या काडतुसाचं टरफल बाहेर ओढायला आत पोलादाचा एक लहानसा पंजा असतो. तो पंजा मोडला आणि दादासोनं बंदूक शमशेरच्या हवाली केली.

शिकलगाराच्या घरात मोडक्या तलवारींची रास असते. शमशेरनं त्यातली एक निवडली, तिच्या पात्याचा तुकडा तोडला, आणि भाताच्या दोन शितांएवढी दोन नखं असलेला पंजा घडवला. दिवसचे दिवस तो कानस मारत बसला. तापलेल्या पंजाला तेलात पाणी देताना त्यानं भावाला हाक मारून रंग दाखवला, पिकल्या जांभळासारखा. म्हणाला, “बंदूक मोडंल, पंजा न्हाई मोडायचा.”

दादासो बंदूक घेऊन गेला. थोड्या दिवसांनी उसात धुडगूस घालणारं एक डुक्कर त्यानं एका बारात लोळवलं, आणि आनंदानं, गुऱ्हाळावरची गुळाची ढेप घेऊन, शमशेरचं कौतुक करायला शिराळ्याला आला. बंदूक खांद्यावरच होती. तो दारातूनच बोलत आला. डुक्कर कसं उभं होतं, आपण कसे बसलो, नेम कसा धरला. ढेप त्यानं शमशेरच्या हातात दिली, बंदूक आडवी धरली, आणि “असा चाप ओढला” म्हणत चाप ओढला.

डुकरावरच्या बारानंतर भरलेलं दुसरं काडतूस आतच होतं. दुकान धुरानं भरलं. धूर विरला तेव्हा शमशेर गुळाच्या ढेपेवर वाकून पडला होता.

फौजदार आला, अपघात लिहून गेला. बंदूक त्यानं हातातसुद्धा घेतली नाही. रहिमानलाही ठाऊक होतं की तो अपघातच. दादासोच्या मनात पाप नव्हतं. पण मातीला दादासो आला नाही. चाळिसाव्याला आला नाही. पुढं चार-पाच वर्षं तो जगला, नागपंचमीच्या गर्दीत शिराळ्यात दिसायचा, पण त्या बोळाच्या तोंडाशी आला की दुसऱ्या बाजूनं जायचा. रहिमानचा राग चापावर नव्हता, ह्या न येण्यावर होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आसपासच्या गावांतली सगळी बंदुकीची घरं हत्यारं तेलपाण्यासाठी शिकलगाराकडं पाठवत. पूजेचं हळदीकुंकू, पाणी, सगळं पुसून, नळीत तेलाची चिंधी फिरवून रहिमान ती परत देई. धामणवाडीहून तेव्हापासून कधी कुणी आलं नाही. दादासो मेला तेव्हा रहिमान म्हणाला, “गेला व्हय? मला वाटलं, बोलून जाईल.” आणि पुन्हा कानस मारू लागला.

एकोणीसशे शेहेचाळीसच्या हिवाळ्यात, लढाई संपून फौजेतली पोरं घरी परतत होती तेव्हा, एक बैलगाडी बोळाच्या तोंडाशी थांबली. दोघं उतरले. एक धामणवाडीचा म्हातारा पंच तात्याबा, आणि दुसरा खाकी कोट घातलेला तरणा गडी, हातात कापडात गुंडाळलेलं लांब काहीतरी.

“आधी मोकळी करून दाव, मग बोल,” रहिमान मान वर न करता म्हणाला.

तरण्यानं कापड सोडलं, खटक्यावर अंगठा ठेवून दाबला. खटका हलला नाही. त्यानं बंदूक गुडघ्यावर घेऊन जोर लावला. नाही. मग तो नुसता उभा राहिला, कारण बोलायची परवानगी नव्हती. रहिमाननं बघितलं. दस्त्याच्या लाकडात मुठीपाशी डोळ्यासारखी एक गाठ होती. ती गाठ त्यानं ओळखली, आणि त्या पोराच्या तोंडावरचं नाकही ओळखलं. दादासोचा धाकटा, नाथाजी. रहिमान उठला, बंदूक त्याच्या हातातून न घेताच म्हणाला, की ही वारणेत नेऊन टाका.

नाथाजी गेला नाही. फौजेत ओरडा खायची सवय झालेली. तो पायरीवर बसला आणि हळूहळू सांगत गेला. घरात वाटण्या होत होत्या. थोरला लालासाहेब म्हणत होता, दोन मोटांची विहीर आणि तिच्याखालचा उसाचा पट्टा माझा; नाथाजीला माळ आणि त्याच्या भरपाईला वडिलांची रायफल. सांगलीचा एक बंदुका विकणारा वरून बघून सांगून गेला होता की असली विलायती चीज म्हणजे पिकाच्या जमिनीचा मोबदला. रायफल दिसायलाही तशीच होती, देव्हाऱ्याशेजारी झेंडूच्या माळेत उभी, बाहेरून लखलखीत. पंचांनी मधला मार्ग काढला. बंदूक जो उघडेल, तो तिची किंमत सांगेल, आणि दोघा भावांनी ती मानायची. लालासाहेबानं हे ताबडतोब कबूल केलं, कारण तोवर ती कुणालाच उघडता आली नव्हती.

“बंदूक चांगली असंल तर मी तोंड उघडणार न्हाई, चाचा,” नाथाजी म्हणाला. “पर माळावर मी काय पेरू? काडतुसं?”

तात्याबा हसला. रहिमान हसला नाही. त्यानं बराच वेळ त्या बंदुकीकडं बघितलं. मग ती उचलून आत घेतली. दादासोच्या लेकासाठी घेतली म्हणावं तर तसं नव्हतं. दुसऱ्या कुणी ती उघडावी हे त्याला सोसलं नसतं.

खटक्याच्या फटीत त्यानं रॉकेल आणि गोडंतेल सोडलं, चिंध्यांत गुंडाळून ती उन्हात ठेवली. रोज सोडून बघायची, लाकडी मोगरीनं हळू ठोकायची, पुन्हा तेल पाजायचं. फटीतून हळूहळू घाण सुटू लागली. गंज असता तर तांबडा सुटला असता. हे पिवळं, चिकट, काळपट होतं. त्यानं नखावर घेऊन वास घेतला. आंबलेलं तूप. हळद. एका खाचेत तर अक्षतांचा दाणा सापडला.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. दर खंडेनवमीला ह्या बंदुकीला पंचामृताची आंघोळ घातली जात होती. वरून, नळीच्या तोंडातून, दूध, दही, तूप, मध, साखर. आणि दसरा झाल्यावर पुसायला कुणी आणत नव्हतं. वीस-बावीस दसरे ते आत जिरत होतं, तळाशी साचत होतं, पोलाद खात होतं. रहिमाननं बंदूक खाली ठेवली आणि त्या घराला, मेलेल्या दादासोला, जिवंत लेकांना बसल्या बैठकीत एवढं बोलून घेतलं, की समोरचा लोहार काम सोडून दारात आला. पूजा करा म्हणाला तो, हजारदा करा, माझ्या बापानं तुमची हत्यारं पुसण्यात जन्म घालवला. पण पुसा तर खरं.

मग एका दुपारी खटका सुटला. कर्रकन आवाज झाला, ठोकळा खाली पडला, आणि शमशेरच्या पंजानं आपलं काम केलं. दोन शितांएवढ्या त्या नखांनी आतलं काहीतरी धरलं, ओढलं, आणि रहिमानच्या तळहातावर टाकलं.

हिरवं पडलेलं टरफल. बुडाला बरोबर मध्ये बार उडाल्याची खोच.

बंदूक त्या दिवसापासून कुणी उघडलीच नव्हती. ज्या बारानं शमशेर गेला, त्या बाराचं टरफल अजून आत होतं, आणि त्याच्यावर दरसाल दूध पडत होतं. सुगराबी पाणी घेऊन बाहेर आली, तिनं नवऱ्याच्या तळहाताकडं बघितलं, तांब्या खाली ठेवला, आणि भर दुपारी दुकानाची फळी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यानं नळी उन्हाला धरली. चांगल्या रायफलीच्या नळीत बघितलं की उजेड फिरत फिरत पुढं जातो. आतला पीळ शंखाच्या वेढ्यासारखा दिसतो. इथं पीळ अर्ध्यावर संपला होता. बुडाकडं नळी कीड लागलेल्या जोंधळ्यासारखी झाली होती, आणि दोन ठिकाणी खड्डे इतके खोल होते की सुईचं टोक आत उतरत होतं. भरलं काडतूस घालून चाप ओढला तर नळी फाटणार, आणि फाटणार ती ओढणाऱ्याच्या गालापाशी.

तरीही त्यानं काम सोडलं नाही. ठोकळा घासला, आतली कमान नवी घातली, दस्त्याची चीर सरसानं बुजवली, जवसाचं तेल चोळलं. खटका पुन्हा मऊ चालू लागला, दार ढकलल्यासारखा. सुगराबीनं विचारलं की मेलेल्या नळीला एवढं कशाला सजवताय. तो म्हणाला, उघडता आली नाही म्हणून खोटी किंमत सांगितली, असं कुणी म्हणायला नको.

धामणवाडीत खळ्यावर बैठक बसली. घोंगडीवर पाच पंच, बाजूला दोघं भाऊ, आणि गोठ्याच्या दाराशी खांबाला धरून त्यांची आई हरणाबाई, दादासोची विधवा. रहिमान आला, खटका दाबून बंदूक उघडी केली, तिचं रिकामं बूड सगळ्यांना दाखवलं, मग मिटून घोंगडीवर ठेवली. आणि बोलला.

“खटका दुरुस्त हाय, चाप दुरुस्त हाय. नळी मेली. हिची किंमत मोडीच्या लोखंडाची. बार काढायचा न्हाई, विकायची न्हाई, वाटणीत धरायची न्हाई.”

लालासाहेब जाड आवाजाचा, दांडग्या अंगाचा गडी. त्याचा चेहरा आधी उतरला आणि मग तापला. नळी कशानं मेली, त्यानं विचारलं. रहिमाननं सांगितलं. खळ्यावर कुजबुज उठली. लालासाहेबाला तेवढंच हवं होतं. तो पंचांकडं वळला आणि म्हणाला, ऐका, आमच्या देवाच्या तीर्थानं बंदूक सडली म्हणतोय हा.

“देवानं न्हाई सडवली,” रहिमान म्हणाला. “पुसली न्हाईसा म्हणून सडली. तुझ्या आज्याच्या काळात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हीच बंदूक आमच्या दारात असायची. तुझ्या बापानं तोंड चुकवलं, तवापासनं ती तशीच वली उभी हाय.”

मग लालासाहेब ते बोलला, जे सगळ्यांच्या मनात होतं आणि कुणी बोलत नव्हतं. शिकलगाराचा भाऊ हिच्यामुळं गेला. शिकलगार हिला चांगली म्हणेलच कसा? ही किंमत नव्हे, हे जुनं वैर. पंचांनी, तात्याबानंसुद्धा, माना खाली घातल्या. रहिमानच्या लक्षात आलं, की आपला खरा शब्द ह्या खळ्यावर वैराचाच दिसणार, आणि त्या शब्दाबरोबर नाथाजीची विहीर बुडणार.

तेवढ्यात गोठ्याकडून हरणाबाईचा आवाज आला. ती पंचांपुढं कधी बोलली नव्हती.

“दूध मीच वतत हुते,” ती म्हणाली. “तिनं माणूस खाल्ला हुता. शांत व्हावी म्हणून वतत हुते. उघडायची छाती न्हवती कुणाची.”

रहिमाननं तिच्याकडं बघितलं. तिच्यावर चिडता येत नव्हतं, म्हणून तो आणखीच चिडला.

लालासाहेब आईवर खेकसला. मग पुढं झाला, घोंगडीवरची बंदूक त्यानं उचलली. मेली म्हणतो, ही बघा मेलेली, म्हणत त्यानं ती खांद्याला लावली. किती सुरेख बसते, नेम कसा सरळ जातो, हे दाखवत त्यानं नळी पंचांवरून फिरवली, आणि बोट चापावर ठेवून ती आणली नेमकी नाथाजीच्या छातीवर.

खटका त्यानं उघडून बघितला नव्हता.

रहिमान कधी उठला ते कुणाला कळलं नाही. त्याच्या हातानं नळी आभाळाकडं उडवली.

“मोकळी हाय का भरल्याली, बघितलंस?”

लालासाहेबानं बंदूक खाली घेतली.

“मी मोकळी करून ठेवली म्हणून तुझा भाऊ उभा हाय. तुझा बाप बी असाच बोलत आला हुता.” मग त्यानं कोटाच्या खिशातून एक काडतूस काढलं आणि लालासाहेबाच्या हातात ठेवलं. “वैरानं बोलतो म्हणालास न्हवं? भर. आता वड चाप. बंदूक चांगली असंल तर मी खोटा.”

काडतूस पितळी, जड. लालासाहेबानं ते बघितलं. सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं, आणि गाव बघत असताना मागं सरण्याची त्या घराला सवय नव्हती. त्यानं खटका दाबला. ठोकळा खाली पडला, मऊ, दार ढकलल्यासारखा. काडतूस आत गेलं. खटका वर आला. त्यानं गाल दस्त्याला लावला.

रहिमान दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला हात पुढं करता आला असता. पण त्या घटकेला त्याच्या मनात एकच होतं, की ओढू दे. ओढू दे, आणि ह्या घराला एकदा कळू दे.

“दादा, ठेव खाली,” नाथाजी म्हणाला. त्याचा आवाज फौजेतला नव्हता, लहानपणचा होता. “विहीर तू घे. माळावर मी बघून घेईन काय ते. ठेव.”

लालासाहेबाचा गाल दस्त्यावरून उठला. बोट चापावरून सुटायला मात्र वेळ लागला, जसं ते तिथं चिकटलं होतं. मग त्यानं खटका उघडला, आणि पंजानं काडतूस बाहेर काढून त्याच्या पायांशी टाकलं. त्यानं ते उचललं नाही. तो मटकन घोंगडीच्या कडेला बसला.

तात्याबा खाकरला. म्हणाला, थोरला जी बंदूक आपल्या गालाशी धरून उडवत नाही, ती धाकट्याच्या पदरात घालायची नाही. किंमत ठरली. विहीर दोघांची, मोट पाळीपाळीनं. लालासाहेब हो म्हणाला नाही, आणि नाहीही म्हणाला नाही. पंचांनी तो होकार धरला.

नाथाजी रहिमानच्या पाया पडायला वाकला. रहिमाननं त्याला दंडाला धरून उभं केलं, जरा जास्तच जोरात. त्याला त्या पोराचं उपकार मानणं सोसेना. लालासाहेबाचा जीव वाचवला तो ह्या पोराच्या शब्दानं. शिकलगार नुसता बघत उभा होता. हे खळ्यावर दुसऱ्या कुणाला दिसलं नव्हतं, पण त्याला दिसलं होतं, आणि बावीस वर्षं तो ज्याच्यावर चिडत आला त्या दादासोच्या शेजारी आज त्याला स्वतःलाही उभं करावं लागत होतं. आजवरचा राग सरळ होता. हा वाकडा होऊन आत घुसला.

मजुरी काय, तात्याबानं विचारलं. रहिमान खाली बसला, पायांशी पडलेलं काडतूस आधी खिशात घातलं, मग पेचकस काढून बंदुकीच्या बुडाचा पेच सोडला, आणि ठोकळ्यामागून तो पंजा बाहेर काढला. इवलासा, पण अजून जांभळा. तो त्यानं रुमालाच्या टोकात बांधला. मग दुसऱ्या खिशातलं हिरवं टरफल काढून गोठ्याच्या उंबऱ्यावर, हरणाबाईच्या पायांपाशी, ठेवलं.

“हे तुमचं,” तो म्हणाला. “पंजा माझ्या भावाचा.”

तो खळ्यावरून उतरला आणि उसाच्या कडेच्या पायवाटेला लागला. नाथाजीनं गाडी जुंपतो म्हणून हाक घातली. त्यानं हातानंच नको म्हटलं. पंच पांगले, लालासाहेब आत गेला, घोंगड्या झटकल्या गेल्या. हरणाबाई मात्र खांबाला धरून तिथंच उभी राहिली, पायांशी ते टरफल तसंच ठेवून. ओढ्यापलीकडं रहिमान पुन्हा वर आला तेव्हा लहान दिसत होता. तिनं एकदा तोंड उघडलं, हाक मारावी तसं, आणि मिटलं. बाभळीच्या वळणाला तो दिसेनासा झाला, तरी ती वळणाकडं बघत होती.